देवाला वाहिले, ते कोणाचे? ‘उत्सर्ग’ या संकल्पनेचा आढावा

फूल वाहतात, नारळ चढवतात, नैवेद्य दाखवतात, ओटी भरतात, वळू सोडतात, जमीन लावून देतात. देवाला द्यायचे म्हटले की मराठीत वस्तूगणिक क्रियापद बदलते. या साऱ्या देण्यामागची मूळ क्रिया धर्मशास्त्राने ‘उत्सर्ग’ या संज्ञेने सांगितली: जे आपले होते त्यावरचा हक्क विधिपूर्वक सोडणे.

देणाऱ्याचा हक्क सुटतो, याबद्दल कोणत्याही परंपरेत फारसा वाद नाही. वाद आहे तो सुटलेला हक्क कोठे जातो याबद्दल. तो देवाकडे जातो, पुजाऱ्याकडे, भक्तसमुदायाकडे, की कोणाकडेच जात नाही? वैदिक विधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी हा प्रश्न यज्ञाच्या संदर्भात सोडवला, मंदिरपूजेचे नियम सांगणाऱ्या आगमग्रंथांनी मंदिराच्या संदर्भात. इंग्रजी अमलापासून तो न्यायालयांपुढे आहे. देवस्थानांच्या जमिनी, दागिने आणि दानपेट्या यांवरचे आजचे बहुतेक तंटे त्याच्याच उत्तरावर येऊन थांबतात. म्हणून या चर्चेची आजची स्थिती क्रमाने पाहणे उपयोगाचे आहे.

शब्दाचा शास्त्रार्थ

जैमिनीच्या मीमांसासूत्रांत आणि त्यांवरील शबरभाष्यात याग, होम आणि दान या तीन क्रियांत फरक केला आहे. देवतेला उद्देशून द्रव्याचा त्याग करणे हा याग. तेच द्रव्य अग्नीत टाकले की तो होम. दानात दोन गोष्टी घडाव्या लागतात: देणाऱ्याचे स्वत्व संपावे लागते आणि घेणाऱ्याचे निर्माण व्हावे लागते. म्हणून दानाला स्वीकारणारा लागतो. यागात देवतेचा उल्लेख असतो, पण तिने हात पुढे करून काही घेतल्याचे दिसत नाही. पुढच्या सगळ्या वादाचे बीज या फरकात आहे.

काटेकोर अर्थाने उत्सर्ग ही या तिन्हींहून वेगळी, चौथी क्रिया. तळे, विहीर, बाग, धर्मशाळा अशा गोष्टी सर्वांच्या उपयोगासाठी सोडल्या जातात. स्वीकारणारा एक माणूस नसतो, म्हणून ते दान नव्हे. देवतेला उद्देशून द्रव्य टाकलेले नसते, म्हणून तो यागही नव्हे. सतराव्या शतकात मूळच्या पैठणच्या आणि काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टाने ‘भगवंतभास्कर’ हा बारा मयूखांचा ग्रंथ रचला. त्यात दान, उत्सर्ग आणि प्रतिष्ठा या तिन्हींसाठी स्वतंत्र मयूख आहेत. एकाच ग्रंथकाराला तीन वेगळी प्रकरणे लिहावीशी वाटली, यावरून या क्रिया शास्त्रकारांच्या मनात किती स्पष्टपणे वेगळ्या होत्या हे कळते.

महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या इंग्रजी ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात (1941) हा विषय सविस्तर मांडला. प्रतिष्ठाविधीचे चार मुख्य टप्पे त्यांनी नोंदवले: संकल्प, होम, उत्सर्ग आणि शेवटी दक्षिणा व भोजन. संकल्पात इच्छा जाहीर होते, उत्सर्गात हक्क सुटतो.

हे सुटणे विधीत प्रत्यक्ष दिसते. यजमान उजव्या तळहातावर पाणी आणि अक्षता घेतो, देश-काळ आणि गोत्र यांचा उच्चार करतो, आणि वाक्य पुरे होताच पाणी बोटांवरून ताम्हनात सोडतो. होमात प्रत्येक आहुतीमागे ‘इदं न मम’ म्हटले जाते. एखाद्या गोष्टीवर ‘पाणी सोडले’ किंवा घरादारावर ‘तुळशीपत्र ठेवले’ असे आपण म्हणतो, तेव्हा मागे हाच विधी असतो. या दोन्ही वाक्प्रचारांत सोडणारा आहे. घेणारा कोण, हे सांगितलेले नाही.

पहिली भूमिका: देव मालक होत नाही

ही भूमिका सर्वांत ठामपणे मांडली ती मीमांसकांनी. देवतेला शरीर आहे का, ती आहुती खाते का, तिची मालमत्ता असते का, हे प्रश्न शबराने नवव्या अध्यायावरील भाष्यात घेतले आणि तिन्हींची उत्तरे नकारार्थी दिली. लोक ‘देवाचे गाव’, ‘देवाचे शेत’ म्हणतात, पण तो बोलण्याचा उपचार आहे, असे त्याचे म्हणणे. मालक त्याला म्हणावे, जो वस्तू आपल्या इच्छेप्रमाणे वापरतो. देव गाव विकत नाही, शेत नांगरत नाही. देवतेला उद्देशून जे सोडले जाते, त्यावर देवाच्या परिचारकांचा निर्वाह चालतो.

मनुस्मृतीत ‘देवस्व’ हरण करणाऱ्याला कठोर फळ सांगितले आहे. म्हणजे देवाचे धन ही कल्पना तेथे गृहीत आहे. मनूचा भाष्यकार मेधातिथी मात्र ते स्वामित्व मुख्य अर्थाने घ्यायला तयार नाही. देवाच्या पूजेसाठी राखलेले धन, असा त्याचा अर्थ तो लावतो.

या भूमिकेचे बळ तिच्या तर्कशुद्धतेत आहे. इच्छा आणि उपभोग यांशिवाय मालकी संभवत नाही, हा निकष ती शेवटपर्यंत सोडत नाही. अडचण अशी की मीमांसकांसमोर यज्ञ होता, मंदिर नव्हते. आहुती अग्नीत जळून जाते. तिच्या मालकीचा प्रश्न दुसऱ्या दिवशी उरत नाही. देवाला दिलेले शेत मात्र दर वर्षी पिकते.

दुसरी भूमिका: देव हाच मालक

मंदिराची परंपरा वेगळे सांगते. आगमांच्या आणि पुराणांच्या दृष्टीने प्राणप्रतिष्ठा झालेली मूर्ती जागी आहे. तिला काकड आरतीने उठवतात, स्नान घालतात, जेवू घालतात, शेजारतीने निजवतात. ज्याचा दिनक्रम असा आहे, त्याचे घर आणि दागिने त्याचेच मानले जाणे ओघाने येते.

शिलालेख या समजुतीला दुजोरा देतात. चोळांच्या काळात शिवमंदिरांचे जमिनीचे व्यवहार शिवाचा आद्य सेवक चंडेश्वर याच्या नावाने होत. देव मालक आणि चंडेश्वर त्याचा कारभारी, अशी ती रचना होती. बौद्धांकडेही समांतर विचार आढळतो. बौद्ध धर्माचे अभ्यासक ग्रेगरी शोपेन यांनी 1990 च्या एका निबंधात दाखवले की अनेक दानलेखांत आणि विनयग्रंथांत बुद्ध हा विहारात राहणारा, स्वतःची वेगळी मालमत्ता असलेला रहिवासी मानला आहे. बुद्धाचे आणि संघाचे धन एकमेकांत मिसळू नये, असा दंडक होता.

महाराष्ट्रातील जुन्या लेखांत तिसरी छटाही दिसते. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने चारी दिशांच्या भिक्षुसंघासाठी तीन हजार कार्षापणांची ‘अक्षयनीवी’ ठेवली. दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्याने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरांसाठी द्यायचे. देणारा, पैसे सांभाळणारी श्रेणी आणि लाभ घेणारा संघ असे तीन घटक येथे स्पष्ट वेगळे आहेत. पुढे न्यायालये ज्या रचनेपाशी पोचली, तिचा आराखडा या लेखात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच दिसतो.

सोडलेला वळू

या दोन भूमिकांतला फरक व्यवहारात किती मोठा ठरतो, याचे उत्तम उदाहरण वृषोत्सर्गाचे आहे. मृताच्या नावाने डाग देऊन सोडलेला वळू गावभर फिरतो आणि कोणाच्याही शेतात तोंड घालतो. तो कोणी पळवला तर ती चोरी होईल का?

1880 च्या दशकात अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर दिले की असा वळू कोणाचाच नाही. मालकाने हक्क सोडला, दुसऱ्या कोणाला दिला नाही, म्हणून चोरीचा गुन्हा होत नाही. कलकत्त्यातही पुढे असाच निर्णय झाला. मद्रासमध्ये मात्र देवळाला अर्पण केलेल्या बैलाचा प्रश्न आला, तेव्हा तो देवळाची मालमत्ता मानला गेला आणि चोरी सिद्ध धरली गेली. नुसते सोडणे आणि कोणाला उद्देशून सोडणे या दोहोंतील सीमा येथे फौजदारी कायद्याने आखली.

न्यायालयांची मधली वाट

मुंबई उच्च न्यायालयाचा 1887 चा मनोहर गणेश तांबेकर खटला हा न्यायालयांनी या दोन भूमिकांमधून काढलेल्या वाटेचा पहिला मोठा टप्पा. वाद डाकोरच्या रणछोडरायाच्या देवळाचा होता. हे देऊळ अठराव्या शतकात तांबेकर या मराठी सावकार घराण्याने बांधले. देवापुढे ठेवलेली भेट आमचीच, असा तेथील सेवकांचा दावा होता. न्यायमूर्ती वेस्ट यांनी रोमन कायद्यातील धर्मसंस्थांचा विचार आणि हिंदू शास्त्र एकत्र ठेवून देवाला कायद्याने व्यक्ती मानले. भेट देवाची, सेवक तिचे रखवालदार, आणि त्यांनी हिशेब दिला पाहिजे. त्या काळचे सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने 1899 मध्ये या दिशेला मान्यता दिली.

यानंतरचा कायदा प्रश्नाप्रश्नाने वाढला. मृत्युपत्रात ‘माझ्या मागे मूर्ती स्थापावी’ असे लिहिले असेल, तर अजून अस्तित्वात नसलेल्या देवाला देणगी कशी पोचणार? कलकत्त्याच्या पूर्णपीठाने 1909 च्या भूपतीनाथ स्मृतितीर्थ खटल्यात सांगितले की हयात घेणाऱ्याची अट येथे लागू होत नाही. देवासाठीचा त्याग आणि माणसाला दिलेले दान यांत फरक आहे, ही मीमांसकांची जुनी मांडणी येथे कामी आली. 1925 मध्ये प्रमथनाथ मल्लिक खटल्यात प्रिव्ही कौन्सिलपुढे कुलदैवत कुटुंबातील कोणाच्या घरी राहावे हा वाद आला. मूर्ती ही उचलून न्यायची वस्तू नव्हे, तिच्या इच्छेचा विचार झाला पाहिजे, आणि कोर्टात तिची बाजू निःस्वार्थ व्यक्तीने मांडली पाहिजे, असे तेथे ठरले.

स्वतंत्र भारतात सर्वोच्च न्यायालयाचा 1956 चा देवकीनंदन विरुद्ध मुरलीधर हा निर्णय मध्यवर्ती आहे. सीतापूर जिल्ह्यातील एका ठाकूरद्वाराबद्दल, ते खाजगी की सार्वजनिक, हा प्रश्न होता. न्यायालयाने शबर आणि मेधातिथी यांचा आधार घेतला. देव मुख्य अर्थाने मालक नाही, तर अर्पणाचे खरे लाभार्थी कोण? पूजेला येणारे भक्त. देवतेला मालकी नाकारणारा मीमांसेचा युक्तिवाद अशा रीतीने सामान्य भाविकाच्या हक्काचा पाया ठरला. या चर्चेतील हे सर्वांत विलक्षण वळण आहे.

याच निर्णयात उत्सर्ग या शब्दाच्या वापरावरही निवाडा झाला. उत्सर्गाचा विधी झाला नाही म्हणून देऊळ खाजगी, असा युक्तिवाद होता. न्यायालयाने म्हटले की मंदिराच्या बाबतीत योग्य संज्ञा ‘प्रतिष्ठा’ आहे. उत्सर्ग झाला की नाही यावरून मंदिराचे सार्वजनिकत्व ठरवता येत नाही. काणे यांनी प्रतिष्ठेच्या टप्प्यांतच उत्सर्गाची गणना केली होती. शास्त्र आणि कायदा यांच्या शब्दयोजनेतील हे अंतर आजही कायम आहे.

या निर्णयाआधी न्यायमूर्ती बिजनकुमार मुखर्जी यांनी 1951 च्या टागोर विधिव्याख्यानांत तोवरच्या घडामोडींची जी संगती लावली, ती पुढे प्रमाण ठरली. देव आदर्श अर्थाने मालक आहे, कायद्याचे व्यक्तित्व अर्पण करणाऱ्याच्या धर्महेतूला मिळते, असा तिचा सारांश सांगता येईल. 1969 मध्ये देवावर प्राप्तिकर बसू शकतो असे ठरले, ते याच आधारावर. लंडनमध्ये 1991 मध्ये तमिळनाडूतील पत्तूरच्या नटराजाच्या खटल्यात अपील न्यायालयाने तेथील मंदिराला पक्षकार मानले आणि मूर्ती भारतात परतली.

महाराष्ट्रातला व्यवहार

आपल्याकडे या प्रश्नाचा सर्वांत बोलका कागद सातबाराचा उतारा आहे. देवस्थान इनाम जमिनीवर भोगवटादार म्हणून देवाचे नाव असते, शेजारी वहिवाटदार म्हणून गुरवाचे किंवा पुजाऱ्याचे, आणि ‘इनाम वर्ग 3’ असा शेरा. 1952 च्या कायद्याने वैयक्तिक इनामे गेली, देवस्थान इनामे राहिली. परवानगीवाचून त्यांचे हस्तांतर करता येत नाही. तरीही कित्येक गावांत वहिवाटदाराचे नाव पिढ्यांच्या ओघात मालकाच्या जागी सरकले आणि जमिनी विकल्या गेल्या. 2021 मध्ये मध्य प्रदेशातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मालकीच्या रकान्यात देवाचेच नाव हवे. पुजारी हा व्यवस्थापक आहे.

या जमिनी कसणाऱ्या कुळांचीही एक बाजू आहे. 1948 च्या कुळकायद्यातील कलम 88 ब नुसार धार्मिक संस्थांच्या जमिनींना अटींवर सूट मिळते, आणि तेथे कुळाला जमीन विकत घेण्याचा हक्क पोचत नाही. शेजारच्या बांधावरचे कूळ मालक झाले आणि देवाच्या शेतातले कूळच राहिले. देवाची मालकी जपली जाते तेव्हा तिची किंमत कोण मोजतो, हे पाहिल्याशिवाय चर्चा पूर्ण होत नाही.

पंढरपुरात हाच प्रश्न देवापुढच्या उत्पन्नाबद्दल होता. बडवे, उत्पात आणि इतर सेवाधारी यांचे वंशपरंपरागत हक्क होते आणि विठ्ठलापुढे येणारे उत्पन्न त्या हक्कांनी वाटले जाई. नाडकर्णी आयोगाच्या चौकशीनंतर 1973 चा पंढरपूर मंदिरे अधिनियम झाला आणि हे हक्क संपवले गेले. दीर्घ खटल्यानंतर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो टिकला. सेवाधाऱ्यांचे म्हणणे होते की पिढ्यान्‌पिढ्यांची सेवा हीच आमच्या हक्काची सनद. वारकऱ्यांतील अनेकांचे म्हणणे होते की माऊलीपुढे ठेवलेला पैसा सेवेकऱ्याची मिळकत होऊ शकत नाही. शबराच्या भाष्यातले परिचारक आणि डाकोरच्या निर्णयातले रखवालदार या दोन टोकांतच हा वाद होता.

रोजच्या ओटीत हा प्रश्न लहान रूपात दिसतो. बाई खण, नारळ, तांदूळ देवीच्या पायांशी ठेवते. पुजारी त्यातला काही भाग प्रसाद म्हणून तिच्या पदरात परत घालतो, उरलेला बाजूला ठेवतो. अनेक देवस्थाने अर्पण झालेल्या साड्या भाविकांना प्रसाद म्हणून विकतात, दागिन्यांचा लिलाव करतात आणि रक्कम देवस्थानच्या खात्यात जमा करतात. विकत घेणारी बाई ती साडी देवीची म्हणून कपाळाला लावते. शिवाच्या निर्माल्याची रीत आणखी वेगळी: ते सामान्य भक्ताने घेऊ नये असा संकेत आहे आणि गावोगावी त्यावर गुरवाचा हक्क मानला जातो. अर्पण झालेली वस्तू कोणी, किती आणि कशी घ्यायची, याचे नियम रूढीने बारकाईने ठरवले आहेत. मालकीच्या सिद्धांतापेक्षा हे नियम जुने असतील आणि लोकांना ते अधिक परिचित आहेत.

अनिर्णित राहिलेले प्रश्न

अर्पण कशाने पुरे होते, विधीने की हेतूने, हा पहिला प्रश्न. कायदा हेतूकडे आणि दीर्घ वहिवाटीकडे झुकला आहे. महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातील मंदिराच्या व्याख्येतही अर्पण झालेले स्थान आणि हक्काने वापरले जाणारे स्थान या दोन्हींना जागा आहे. पण घरातल्या देवघराचे हळूहळू गावाचे देऊळ झाले, तर अर्पण नेमके कधी झाले हे सांगणे कठीण असते.

दुसरा प्रश्न देवाच्या वतीने बोलण्याचा. पुजारी, विश्वस्त, धर्मादाय आयुक्त, सरकारने नेमलेली समिती, साधा भक्त: प्रत्येकाला न्यायालयांनी कधी ना कधी तो अधिकार दिला आहे. त्यांची मते विरुद्ध असतील, तर देवाचे हित कोणते हे ठरवण्याची सर्वमान्य कसोटी अजून तयार झालेली नाही.

तिसरा प्रश्न व्यक्तित्वाच्या मर्यादेचा. 2000 मध्ये गुरू ग्रंथसाहिबाला कायद्याची व्यक्ती मानले गेले. 2017 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनांना तसे मानले, पण त्या आदेशाला स्थगिती मिळाली. 2019 च्या अयोध्या निर्णयात रामलल्लाचे व्यक्तित्व मान्य झाले, जन्मस्थानाचे स्वतंत्र व्यक्तित्व नाकारले गेले. शबरीमलाच्या 2018 च्या निर्णयात न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी लिहिले की देवतेला कायद्याचे व्यक्तित्व असले तरी मूलभूत हक्क नाहीत. मालमत्तेपुरते मानलेले व्यक्तित्व कोठवर ताणायचे, याची रेषा प्रत्येक खटल्यागणिक नव्याने आखली जात आहे.

चौथा प्रश्न उद्देशाचा. देवासाठी आलेला पैसा पूजेच्या गरजेहून खूप अधिक असेल, तर तो इस्पितळाला, शाळेला, दुष्काळाच्या कामाला वळवता येतो का? एका मताने भक्तांचे कल्याण हीच देवाची सेवा. दुसऱ्या मताने ज्या नावाने सोडले त्या नावालाच बांधून राहणे हे विश्वस्ताचे कर्तव्य. दोन्ही मतांना शास्त्रात आणि कायद्यात आधार आहे.

चर्चा आज कोठे आहे

देव मालक आहे की नाही, यावर मीमांसक आणि आगम यांचे एकमत झाले नाही, आणि व्हावे अशी अपेक्षाही नको; एकाची नजर यज्ञावर आहे, दुसऱ्याची गाभाऱ्यावर. पण या साऱ्या मतांची तुलना केली की तीन गोष्टींवर सहमती दिसते. वाहणाऱ्याचा हक्क वाहताच संपतो. सांभाळणाऱ्याला निर्वाह मिळू शकतो, मालकी मिळत नाही. आणि वाहिलेले ज्या उद्देशाने वाहिले, त्याला ते बांधलेले राहते.

या तिन्हींचा व्यवहारातला अर्थ एकच होतो: हिशेब. मेधातिथीच्या मते ते धन पूजेसाठी राखलेले, चोळांच्या लेखात ते शिवाचे, 1956 च्या निर्णयात ते भक्तांच्या हिताचे. पण तिन्ही पक्षांत ते सांभाळणाऱ्याचे स्वतःचे कधीच नाही. देवस्थानांच्या जमिनींची अद्ययावत नोंद, अर्पण झालेल्या दागिन्यांची उघड यादी, आणि उत्पन्न कोणत्या कामी लागले याची भक्ताला मिळणारी माहिती यांसाठी मालकीचा वाद मिटण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. एक नारळ ठेवणारी बाई आणि शंभर एकर लावून देणारा सरदार या दोघांनी एकच क्रिया केली आहे, आणि दोघांचाही त्या हिशेबावर सारखाच हक्क आहे.